उधारी, मुदत आणि न्यायालयाची पायरी
(शिंपी समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनाच्या चालकांनी 'आपला व्यवसाय आणि आपला व्यवहार' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आम्ही काही वकील नव्हे, की व्यापारात मुरलेले गृहस्थ नव्हे. मॅट्रिक होऊन, अध्यापनाचे शिक्षण घेऊन सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत छत्तीस वर्षे मुलांना पाढे शिकविले आणि निवृत्त झालो, एवढेच आमचे भांडवल. वडिलांचे शिवणाचे दुकान धाकट्या बंधूंनी पुढे चालविले. आमच्याकडे सुटीच्या दिवशी त्यांची वही लिहिण्याचे काम असे. ती वही लिहिताना जे शिकलो, आणि त्याहून अधिक जे वेळेवर शिकलो नाही, ते आज आपल्यापुढे ठेवावे असे मनात आहे.

आपल्या समाजात नामदेवरायांची एक आख्यायिका घरोघर सांगितली जाते. वडिलांनी कापड विकण्यास बाजारात पाठविले असता त्यांनी ते दगडांना उधार देऊन टाकले आणि रकमेबद्दल जामीन म्हणून एक दगड घरी आणला. पुढे त्या दगडाचे सोने झाले, असे कथा सांगते. या कथेतील भक्तिभाव आपणां सर्वांस वंदनीय आहे. परंतु वही लिहिता लिहिता आमच्या ध्यानात एक गोष्ट आली, ती अशी की दगडाला उधार देतानासुद्धा नामदेवरायांनी जामीन घेतला होता. आपण मात्र हाडामांसाच्या माणसाला उधार देतो, जामीन घेत नाही, सही घेत नाही, तारीख घालीत नाही आणि पुढे दगडाचे सोने होण्याची वाट पाहत बसतो. 'उधारीचे पोते सव्वा हात रिते' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी अनुभवातूनच केली असली पाहिजे.

प्रथम आमचीच चूक सांगतो. दुसऱ्याची चूक सांगणे शिक्षकास सोपे जाते, स्वतःची सांगणे जड जाते. तरी ती सांगितल्याखेरीज पुढील सांगण्यास अर्थ नाही.

२०११ सालच्या मार्च महिन्यात आमच्या बंधूंनी एका तयार कपड्यांच्या दुकानदाराचे शिलाईचे मोठे काम करून दिले. ते गृहस्थ आपल्या समाजाचेच. त्यांचे आणि आमचे वडील एका पंगतीला जेवलेले. कामाचे ३८,४०० रुपये येणे राहिले. दिवाळीला देतो म्हणाले, दिवाळी गेली. पाडव्याला देतो म्हणाले, पाडवा गेला. २०१३ सालच्या पावसाळ्यात बंधू आम्हांस म्हणाले, "दादा, एक नोटीस धाडावी म्हणतो." तेव्हा आम्ही वडीलकीच्या नात्याने त्यांस थांबविले. घरोब्याचा माणूस आहे, समाजात बोभाटा होईल, लोक काय म्हणतील, आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी सर्व वचने आम्ही त्यांस ऐकविली. बंधूंनी कधी आमचा शब्द मोडला नव्हता, तेव्हाही मोडला नाही.

२०१५ साली अखेर आम्ही दोघे वकिलांकडे गेलो. त्यांनी वही पाहिली आणि दोनच प्रश्न विचारले. काम कधी पुरे करून दिले, आणि त्यानंतर त्या गृहस्थांची सही असलेला एखादा कागद किंवा त्यांनी दिलेली काही रक्कम आहे काय? काम २०११ सालच्या मार्चमध्ये दिलेले. सही एकही नाही. रक्कम एक पैचीही नाही. वकील म्हणाले, "गुरुजी, मुदत गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये संपली. आता दावा चालणार नाही."

१९६३ च्या मुदत अधिनियमाप्रमाणे अशा कामाच्या पैशाचा दावा काम पुरे झाल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. उधारीची ठराविक मुदत न बोलता विकलेल्या मालाच्या बाबतीत ही तीन वर्षे माल दिल्याच्या दिवसापासून मोजतात, आणि उधारीची मुदत ठरलेली असेल तर ती संपल्यापासून मोजतात. तोंडी दिलेल्या वायद्याने ही मुदत एक दिवसही वाढत नाही. आम्ही ज्या दिवाळ्या आणि जे पाडवे मोजत बसलो, ते सर्व कायद्याच्या हिशेबी फुकट गेले होते.

त्या वर्षी बंधूंच्या थोरल्या कन्येस महाविद्यालयात प्रवेश घ्यावयाचा होता. शुल्काची तरतूद होईना, म्हणून त्यांनी दुकानातील ओव्हरलॉकचे यंत्र विकले. आमच्याकडे त्यांनी पैसे मागितले नाहीत. आम्ही देऊ केले तेही घेतले नाहीत. आम्हांस ते एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते, असे आजही वाटते. त्या दुकानात काज-बटणाचे काम करून देणाऱ्या एक विधवा भगिनी होत्या. त्यांच्या मजुरीचे १,९०० रुपये त्या काळात चार महिने अडकले होते, हे तर आम्हांस पुष्कळ दिवसांनी वही लिहिताना समजले. एका माणसाने न दिलेले पैसे तिसऱ्याच घरातील चूल कशी विझवितात, याचा हिशेब आम्ही भीड धरताना केलाच नव्हता. 'भीड भिकेची बहीण' असे म्हणतात. आमच्या प्रकरणी भीड आम्ही धरली आणि तिची झळ लागली ती बंधूंना आणि त्या भगिनीला.

आता दुसरी हकीकत सांगतो. २०१६ साली एका खाजगी शिक्षणसंस्थेने बंधूंकडे गणवेशाचे काम दिले. २१२ मुलांचे गणवेश, कापड आणि शिलाई मिळून दर जोडी ४५० रुपये, म्हणजे एकूण ९५,४०० रुपये. या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. कामाचा आदेश संस्थेच्या कागदावर सहीनिशी घेतला. ३०,००० रुपये आगाऊ घेतले. मापवहीत प्रत्येक मुलाचा इयत्ता-क्रमांक, छाती, कंबर, उंची ओळीने लिहिली. १० जून रोजी माल पोचविला तेव्हा चलनाच्या दुसऱ्या प्रतीवर संस्थेच्या लिपिकाची सही आणि शिक्का घेतला. बाकी राहिली ६५,४०० रुपये.

बाकी मागण्यास गेले की अनुदान आले नाही, कार्यवाह गावी नाहीत, अशी उत्तरे मिळू लागली. डिसेंबरमध्ये मोठ्या मिनतवारीने १०,००० रुपयांचा धनादेश मिळाला. राहिले ५५,४००. त्यानंतर वर्षभर काही नाही. पुढे तर कापड हलके होते आणि मापे चुकली होती, अशी तक्रार दीड वर्षाने प्रथमच ऐकू आली. बंधू पुनः आमच्याकडे पाहू लागले. या वेळी आम्ही त्यांस थांब म्हणालो नाही.

२०१८ च्या जानेवारीत आम्ही नोंदणीकृत टपालाने, पोचपावतीसह, नोटीस पाठविली. तीत शिवीगाळ नव्हती की धमकी नव्हती. कोणते काम, कोणत्या तारखेस, किती रक्कम, किती मिळाली, किती बाकी, पंधरा दिवसांत न दिल्यास दावा लावू आणि नोटिशीच्या तारखेपासून व्याज मागू, एवढेच होते. व्याज मागितल्याचे लेखी कळविणे महत्त्वाचे असते. १९७८ च्या व्याज अधिनियमान्वये अशा लेखी मागणीच्या तारखेपासून व्याज देववण्याचा अधिकार न्यायालयास आहे. नोटिशीस उत्तर आले नाही. एप्रिलमध्ये दावा दाखल केला.

लहान रकमेच्या दाव्यांसाठी आपल्या देशात निराळी न्यायालये स्थापन झाल्यास शतकाहून अधिक काळ लोटला. मुंबईसारख्या इलाखा-शहरांसाठी १८८२ चा आणि इतरत्र १८८७ चा अधिनियम आहे. त्यांना लघुवाद न्यायालये म्हणतात. मुंबईस आणि पुण्यास ती आपण ऐकून असाल. मोठ्या दाव्यांच्या मानाने तेथील कामाची रीत संक्षिप्त ठेवलेली आहे. जेथे असे न्यायालय नाही, किंवा दाव्याची रक्कम अथवा प्रकार त्याच्या अधिकारात बसत नाही, तेथे तो तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात लावतात. आमच्या तालुक्यास लघुवाद न्यायालय नसल्याने आमचा दावा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्यापुढे दाखल झाला. प्रतिवादी जेथे राहतो अथवा धंदा करतो तेथे, किंवा व्यवहार जेथे घडला तेथे दावा लावता येतो. आपले म्हणणे स्वतः मांडण्याचीही मुभा आहे. आम्ही मात्र वकील दिला. शाळेत आम्ही मुलांना सांगत असू की येत नसेल तर विचारावे. तोच नियम स्वतःस लावला.

पहिल्या तारखेस न्यायालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो असताना छातीत धडधडत होते. इतक्यात समोरून बेलीफाचा बिल्ला लावलेला एक मनुष्य आला आणि वाकून नमस्कार करून म्हणाला, "गुरुजी, आपण इथं?" आमचाच चौथीतला विद्यार्थी. आमची मान खाली गेली. जणू चोरीच्या आरोपाखाली आम्हांसच आणले होते. त्याने हातातील कागद पाहिले आणि म्हणाला, "वादी आहात ना? कागद आहेत ना जवळ? मग निवांत बसा." एवढे बोलून तो आपल्या कामास गेला. बंधुजनहो, आपले घामाचे पैसे मागण्यास आम्ही आलो होतो, आणि लाज आम्हांस वाटत होती! ज्यांनी पैसे ठेवून घेतले होते ते त्या दिवशी आलेसुद्धा नव्हते. त्यांस बहुधा काहीच वाटत नसावे.

प्रतिवादींना समन्स पोचल्यापासून तीस दिवसांत, आणि न्यायालयाने कारण पाहून मुदत वाढविल्यास नव्वद दिवसांपर्यंत, आपली कैफियत द्यावी लागते. त्यांनी ती दिली आणि तीत कापडाची व मापांची तक्रार लिहिली. तेव्हा आमच्या वकिलांनी मापवही पुढे केली. २१२ ओळी होत्या, एकही ओळ कोरी नाही, एकही खाडाखोड नाही. उलटतपासात बंधूंना विचारण्यात आले की ही वही तुम्ही नंतर लिहिली नाही कशावरून? ते म्हणाले, "याच वहीत मागेपुढे इतर गिऱ्हाइकांची मापे आहेत, ती तारखेने पाहावीत." आमचे बंधू सातवीपर्यंत शिकलेले. त्या दिवशी त्यांचे उत्तर ऐकून आम्हांस आपल्या छत्तीस वर्षांच्या नोकरीपेक्षा वडिलांच्या शिस्तीचा अधिक अभिमान वाटला.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नुसत्या खातेवहीवर कोणाच्या माथी देणे बसत नाही. नियमितपणे ठेवलेली हिशेबाची वही पुराव्यात ग्राह्य आहे, परंतु तेवढ्याच आधारावर कोणास देणेकरी ठरविता येत नाही, असे १८७२ च्या पुरावा अधिनियमात होते, आणि २०२४ च्या १ जुलैपासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच आहे. म्हणून वहीच्या जोडीस चलन, आदेश, सही, साक्ष असे काही तरी हवे. हा नियम आपणांस जाचक वाटेल. पण आपल्याच महाराष्ट्रात १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, ते कशामुळे? जो कागद एकाच्याच पेटीत असतो आणि दुसऱ्यास वाचताही येत नाही, त्याची दहशत बसते. पुढे १८७९ साली जो दख्खन शेतकरी साहाय्याचा कायदा झाला, त्यात दिलेल्या पैशाची लेखी पावती मिळण्याचा शेतकऱ्याचा हक्क लिहावा लागला. म्हणून आमचे सांगणे असे की कागद नेहमी दोन प्रतींत करावा. एक आपल्याकडे ठेवावी, एक गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी. त्यात अविश्वास नाही. उलट उद्या आपल्या हातून चूक झाली तर गिऱ्हाइकासही आधार राहतो.

दावा वर्ष-सव्वा वर्ष चालला. तारखा पडल्या, बंधूंचे काही दिवस मोडले, हे आम्ही लपवीत नाही. २०१९ साली न्यायालयाने उभय पक्षांच्या संमतीने प्रकरण राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवले. कागद सर्वांसमोर होते, त्यामुळे तेथे वाद घालण्यासारखे फारसे उरले नव्हते. ५५,४०० रुपये मुद्दल आणि व्याज-खर्चापोटी ४,६०० मिळून ६०,००० रुपये, प्रत्येकी १५,००० च्या चार हप्त्यांनी देण्याचे ठरले. हिशेबाने व्याज अधिक झाले असते, ते बंधूंनी सोडले. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे लोकअदालतीचा निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच अंमलात येतो, त्यावर अपील नाही, आणि न्यायालयात भरलेले शुल्कही परत मिळते. दावा लावण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येते. स्त्रियांस तर मिळकत कितीही असो, मोफत विधि साहाय्य मागण्याचा हक्क याच अधिनियमाने दिला आहे. आपल्या शिवणकाम करणाऱ्या भगिनींनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

तीन हप्ते वेळेवर आले. तिसरा २०२० च्या फेब्रुवारीत आला. पुढे मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि दुकान बंद पडले. त्या महिन्यांत बंधूंच्या दोन कारागिरांच्या आणि त्या काज-बटणाच्या भगिनीच्या घरी जे धान्य गेले, ते त्याच पंधरा हजारांतून गेले. चौथा हप्ता एप्रिलमध्ये होता. शाळाही बंद, संस्थेचीही अडचण. कार्यवाहांनी दूरध्वनी केला तेव्हा बंधूंनी आपण होऊन ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली. मात्र ती लिहून घेतली. ऑक्टोबरमध्ये पैसे आले. आज त्या संस्थेचे गणवेश पुनः बंधूंकडेच शिवले जातात, निम्मी रक्कम आगाऊ घेऊन. न्यायालयात गेल्याने संबंध कायमचा तुटतो असे आम्ही मानीत होतो. संस्थेशी दावा लावला, तो संबंध टिकला. ज्यांच्याशी भिडेने गप्प राहिलो, त्या घरी मात्र गेल्या दहा वर्षांत आमचे जाणे-येणे राहिलेले नाही.

यावरून आपल्या तरुण व्यावसायिकांसाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली अशी की तारीख, काम, दर आणि सही या चारांवाचून उधारी देऊ नये. भ्रमणध्वनीवरील संदेशही जपून ठेवावेत. इलेक्ट्रॉनिक अभिलेख कायद्याने ठरविलेल्या प्रमाणपत्रासह पुराव्यात देता येतो. तथापि कागदावरील सहीची सर अजून कशास नाही, असे आमचे मत आहे.

दुसरी अशी की वर्षातून एकदा, पाडव्यास म्हणा, प्रत्येक थकबाकीदाराकडून 'इतके देणे मान्य आहे' अशी तारखेसह सही घ्यावी. मुदत संपण्यापूर्वी अशी लेखी कबुली मिळाली तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने सुरू होतात. मुदतीत काही रक्कम मिळाली आणि देणाऱ्याच्या हस्ताक्षरात वा सहीने तिची नोंद असली, तरीही तसेच होते. म्हणून अशी रक्कम शक्यतो धनादेशाने घ्यावी. मात्र मुदत संपल्यावर घेतलेल्या नुसत्या कबुलीचा उपयोग नाही.

तिसरी धनादेशाविषयी. तो न वटता परत आला तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी. ती पोचल्यावर पंधरा दिवसांत पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात फौजदारी तक्रार करता येते. येथे वर्षे मोजावयाची नाहीत, दिवस मोजावयाचे आहेत.

चौथी अशी की आपल्या दुकानाची सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करावी. 'उद्यम' नोंदणी विनामूल्य होते. २००६ च्या अधिनियमान्वये अशा नोंदलेल्या पुरवठादाराचे पैसे खरेदीदाराने ठरल्या दिवशी, आणि ठराव काहीही असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत, द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ, व्याज लागते, आणि त्यासाठी निराळी सुकरता परिषद आहे. परंतु नोंदणी आधी आणि पुरवठा नंतर, हा क्रम चुकवू नये.

हुकूमनामा मिळाला म्हणजे पैसे हाती आले असेही समजू नये. न दिल्यास दरखास्त लावावी लागते, त्यास बारा वर्षांची मुदत आहे. जप्तीतही कायद्याने काही गोष्टी सोडल्या आहेत. देणेकऱ्याची आवश्यक वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नये असे अलंकार आणि कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. हे वाचताना आम्हांस विकलेल्या यंत्राची आठवण झाली. ज्या कारागिराचे हत्यार कायदाही घेऊन जात नाही, त्यास आमच्या भिडेने ते स्वतःच्या हाताने विकावयास लावले.

बंधुजनहो, आतापर्यंत घेणेकऱ्याच्या बाजूने बोललो. परंतु या सभेत घेणेकरी बसले आहेत तसे देणेकरीही बसले आहेत, किंबहुना आपण प्रत्येकजण दोन्ही आहोत. आपल्या दुकानात काज-बटण करणारी, घरी बसून अस्तर लावणारी, इस्त्री करणारी माणसे आहेत. त्यांच्यापाशी वही नाही, चलन नाही, वकिलास देण्यास पैसा नाही. त्यांचे येणे आपण कोणत्या दिवाळीवर ढकलले आहे, याचा शोध आज घरी गेल्यावर प्रत्येकाने घ्यावा. आपले पैसे वेळेवर यावेत असे वाटणाऱ्याने दुसऱ्याचे वेळेवर द्यावेत, हा कायदा कोणत्याही अधिनियमात पाहावा लागत नाही. आपल्या संस्थेने दोन प्रतींची चलनपुस्तके छापून सभासदांस अल्प किमतीत द्यावीत, आणि वर्षातून एकदा एखाद्या वकिलांस बोलावून थकबाकीच्या वह्या पाहून घ्याव्यात, अशी आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे.

शेवटी त्या ३८,४०० रुपयांचे काय झाले, असे आपण विचाराल. ते आले नाहीत. वडिलांपासून चालत आलेल्या वहीत त्या रकमेपुढे आम्ही स्वतःच्या हाताने 'थोरल्याच्या सल्ल्याने बुडाली' असे लिहून खाली सही केली आहे. बंधू रागावले, पण हिशेब खरा असावा लागतो. ते गृहस्थ हयात आहेत, संमेलनास नेहमी येतात, कदाचित आजही आले असतील. त्यांचे नाव आम्ही घेतले नाही आणि घेणार नाही. कायद्याने आम्ही त्यांच्याकडे काहीही मागू शकत नाही. तथापि १८७२ च्या करार अधिनियमात एक तरतूद अशी आहे की मुदत गेलेले देणेसुद्धा 'मी देईन' असे लिहून ज्याने सही केली, त्याचे ते वचन त्यास बंधनकारक होते. दुकान जुन्याच जागी आहे आणि वहीत त्या ओळीखाली जागा राखून ठेवली आहे. ते आले तर बंधू प्रथम चहा सांगतील, हे आम्ही खात्रीने सांगतो.